दुसरा उंचवटा

"दिसतोय?" अजितने विचारलं.

न दिसायला काय झालं? सुरुचीने लॅपटॉप स्वतःकडे वळवला. कीबोर्डचं एक बटण दाबल्यावर पुढचं दाबेपर्यंत किती वेळ जातो, त्याचा हिस्टोग्राम, म्हणजे पट्ट्यांचा आलेख, पडद्यावर होता. डावीकडे पट्ट्यांचा उंचवटा, मग खळगा, आणि उजवीकडे आणखी एक उंचवटा, जरा बुटका.

"डावीकडची भरभर टाइप करणारी मी," ती म्हणाली. "उजवीकडचा रेंगाळणारा तू."

अजित झुइडास या डच ऑफिसांच्या भागातल्या एका कंपनीत प्रोग्रामर होता आणि बहुतेक दिवस उइटहॉर्न गावातल्या घरातूनच काम करायचा. खरं तर करायची ती, त्याची बायको. सुरुवातीला अडलं की तो विचारायचा, मग लॅपटॉपच तिच्याकडे सरकवायला लागला. ती आली होती त्याच्या व्हिसावर. स्वतःची नोकरी शोधता शोधता त्याचीच करत बसली.

आता कंपनीला कुणकुण लागली होती की कुणाच्या तरी खात्यावर भलतंच कोणी काम करतंय. मॅनेजर मारिकेने सगळ्यांची संमती घेऊन टायपिंगच्या नोंदी ठेवल्या. त्यांचे आलेख काढणारा प्रोग्राम लिहायचं काम नेमकं अजितच्या गळ्यात पडलं. नोंदी सगळ्या मारिकेकडे. चाचणीसाठी त्याला स्वतःच्या तेवढ्या मिळाल्या होत्या.

नोकरी गेली की व्हिसा, आणि व्हिसा गेला की हे घर. इथल्या शाळेत आता कुठे रुळू लागलेल्या लेकीला, ज्ञानदाला, उचलून परत न्यायचं.

"दोन उंचवटे म्हणजे दोन माणसं. शेंबडं पोरही सांगेल," ती म्हणाली.

तिने पट्ट्या रुंद करून पाहिल्या. खळगा भरून आला. आणखी रुंद केल्या, पट्ट्यांमधल्या रेघा काढल्या, आत एकसारखा निळा रंग भरला. आता एकच गोल उंचवटा उरला.

"वा!" अजितच्या जिवात जीव आला. "मूळ कोडमध्येच बदलून टाक. सगळ्यांचे असेच येतील."

"वेडा आहेस का? सगळेच असे गुळगुळीत आले तर मारिके कोड उघडून बघेल. आणि मग खरा चोर सापडायचा कसा?"

बोलून गेली आणि तिलाच कसंतरी झालं. खरा चोर त्या टेबलाशीच बसला होता, दोघांत मिळून एक.

तिने मूळ क्लासवरून, म्हणजे आलेख काढणाऱ्या कोडच्या साच्यावरून, एक छोटा क्लास केला. बाकी सगळं मूळचंच घेतलं, फक्त चित्र काढायची पद्धत बदलली. अजितचा नंबर आला की हा क्लास चालणार होता. इतरांच्या आलेखांना तिने बोट लावलं नाही.

मंगळवारी मारिकेचा कॉल आला. कॅमेऱ्यात दिसणार नाही अशी सुरुची टेबलापलीकडे मटार सोलत बसली. कान कॉलकडे, त्यामुळे दाणे भांड्यात कमी आणि जमिनीवर जास्त पडत होते.

"छान झालाय प्रोग्राम," मारिके म्हणाली. "कालपासून एकेकाचा आलेख पाहतेय."

"काही सापडलं?" अजितने विचारलं. सुरुचीने टेबलाखालून त्याला लाथ मारली. कोणी विचारायला सांगितलं होतं?

"आधी मीच घाबरले. सुरुवात स्वतःपासून केली, तर दोन उंचवटे! म्हटलं, माझ्या खात्यावर कोण बसतंय?"

मारिके हसली. अजितही हसला, जरा जास्तच. सुरुचीला वाटलं, सुटलो. बाईला अर्थच लागलेला नाही.

"मग पुढचा उघडला, त्यालाही दोन. त्याच्या पुढच्यालाही. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. शब्द लिहिताना बोटं पळतात, शब्द संपला की थबकतात. माणूस एकटा असला तरी उंचवटे दोनच येणार."

सुरुचीच्या हातातली शेंग तशीच राहिली.

"म्हणजे... सगळ्यांनाच दोन आहेत?" अजितने विचारलं.

"हो," मारिके म्हणाली. ती आता हसत नव्हती. "तू सोडून सगळ्यांना."