ऐकून लिहिलेली ओळ

ऐरोलीतल्या सॉफ्टवेअर कंपनीत काम करणाऱ्या रूपेशला दिसत नसे. संगणक त्याला इयरफोनवर कोड वाचून दाखवायचा. कोडच्या लायब्ररीत शून्य-एकच्या बायनरी संख्येतले ‘एक’ मोजणारा चाळीस ओळींचा जुना तुकडा होता. नव्या प्रोसेसरला ते काम एका आज्ञेत जमतं, म्हणून रूपेशने त्या जागी एकच ओळ लिहिली. “नीट चालतंय ना? मग कशाला हात लावायचा?” टीमप्रमुख शर्मिला मॅडम म्हणाल्या. “मॅडम, जरा ऐका तरी,” म्हणत त्याने जुना तुकडा लावला आणि इयरफोन त्यांच्या हातात दिला. “शून्य, एक्स, पाच, पाच, पाच...” आकडे संपेचनात. कितवी ओळ चालू आहे, हेच त्यांना कळेना. “हे रोज ऐकतोस?” “हो, आणि ओळ चुकली की पुन्हा पहिल्यापासून.” मग त्याने स्वतःची ओळ लावली; ती एका श्वासात संपली. मॅडमनी बदल मंजूर केला आणि खुर्ची जवळ ओढली. “पुढची फाइल लाव, मीपण ऐकते.”