भांडं उचला

"मॅडम, चार वर्षांत आमच्या सुलतानने मुंगीलासुद्धा त्रास दिला नाही," देवस्थळी म्हणाले. बदली झाली म्हणून ते कुत्र्याला प्राण्यांच्या निवाऱ्यात सोडायला आले होते. त्याला आजच घरी न्यायला एक जोडपं सहा वर्षांच्या लेकीला घेऊन उभं होतं.

निवारा सांभाळणारी हेमांगी पुढे झाली. कड्याला साखळीने बांधलेल्या सुलतानपुढे तिने दूधभाताचं भांडं ठेवलं. खाताना त्याचे कान मागे गेले आणि पाठ ताठ झाली.

"आता भांडं उचला. नव्या घरी पाठवण्याआधी आम्ही हे मालकालाच करायला लावतो."

"अहो, जेवत्या जीवाला कशाला छळायचं?" देवस्थळी हसले, पण त्यांचे हात खिशातच राहिले.

"काका, घाबरलात?" आईचा हात सोडवून मुलगी पुढे धावली. "थांबा, मी उचलते!"

"ए पोरी, मागे हो! फाडून खाईल तो तुला!"

देवस्थळी ओरडले तेव्हा हेमांगीने मुलीला कमरेला धरून उचललं होतं. सुलतानची साखळी खणकन ताणली गेली. मुलीचा बाप देवस्थळींकडे बघतच राहिला.

हेमांगीने मुलीला आईकडे दिलं आणि ती देवस्थळींकडे वळली. आवाज तिने चढू दिला नाही.

"कुणाला चावलाय?"

देवस्थळींनी मान खाली घातली.

"माझ्या आईला," ते पुटपुटले. "दोनदा."