घाटावर होडी नव्हती

“सर, निशामणी मेलेली नाही.”

इतिश्री उभी राहून हे म्हणाली, तेव्हा पाणिग्रही सरांनी फळ्यावर ‘निशामणीचा आत्मत्याग’ एवढंच लिहिलं होतं. त्याखाली ते मुद्दे देणार होते. अकरावीच्या वर्गाला दरवर्षी देत.

वर्गात हशा पिकला. लिपुन मागून ओरडला, “सर, हिला ती काल बाजारात वांगी घेताना दिसली!”

सरही हसले. “नाव इतिश्री, आणि शेवटच मान्य नाही! अगं पोरी, नवऱ्याने घराबाहेर काढलं, त्याच रात्री तिने नदीत जीव दिला. अख्ख्या ओडिशाला ठाऊक आहे.”

“गाईडमध्ये तसं आहे, सर. कादंबरीत नाही.”

तिने दप्तरातून पुस्तक काढलं. वाचनालयातलं, पुठ्ठा निखळलेलं. बाकी सगळ्यांच्या बाकावर गाईड होतं. कादंबरी कुणी वाचायची असते, हे बहुतेकांच्या डोक्यातही आलं नव्हतं. इतिश्रीलाही सुरुवातीला ती कंटाळवाणी वाटली होती. निशामणीच्या नवऱ्याची तर इतकी चीड आली की तिने पुस्तक पलंगावर आपटलं होतं. पण मग ते खाली ठेवता येईना. शेवट तिने पुन्हा पुन्हा वाचला. आधी रडत, नंतर ओळीवर बोट ठेवून.

“वाचू?” तिने विचारलं, आणि सर हो म्हणायच्या आत वाचायला लागली. “‘पहाटे घाटाच्या पायरीवर निशामणीचं लाल लुगडं घडी घालून ठेवलेलं सापडलं. सासूने कपाळ बडवून घेतलं. त्या दिवशी घाटावर होडी नव्हती.’ संपली कादंबरी.”

“मग? बुडालीच की,” लिपुन म्हणाला.

“जीव द्यायला निघालेली बाई लुगड्याची घडी घालत बसते होय रे? आणि होडी कुठे गेली? तिनेपण आत्मत्याग केला?”

आता सगळे लिपुनला हसले. इतिश्री मात्र हसत नव्हती.

“सर, निशामणी नावाड्याची मुलगी. तिसऱ्या प्रकरणात बाप तापाने फणफणलेला असतो, तेव्हा ही भर पुरात होडी घालून पलीकडून वैद्य घेऊन येते. आणि शेवटी ती चैत्रात, आपल्याच नदीत बुडणार? आपल्या नदीकडे बघा ना आज, म्हशी बसल्यात. लुगडं सासरचं होतं, ते तिने परत केलं. होडी बापाची होती, ती नेली.”

सरांनी हात पुढे केला. इतिश्रीने पुस्तक दिलं. ते खिडकीपाशी गेले आणि शेवटचं पान वाचू लागले. वाचताना त्यांचे ओठ हलत होते. पान संपलं तरी त्यांनी मान वर केली नाही.

“कॉलेजात असताना वाचली होती मी,” ते म्हणाले. “शेवटाला इतका रडलो की जेवलोच नाही. आई म्हणाली, अरे कोण गेलं? काय सांगणार तिला!” त्यांनी पानावर बोट टेकवलं. “ही होडीची ओळ मला आठवतच नाही. डोळ्यांत पाणी होतं, दिसलीच नसणार.”



सरांनी पुस्तक मिटलं, घसा खाकरला, आणि पुन्हा मास्तर झाले. “तरीही सांगतो, परीक्षेत असलं काही लिहू नकोस. तपासणारा समोर गाईड ठेवून तपासतो. शून्य देईल.”

“देऊ दे, सर. दहा मार्कांसाठी मी तिला पाण्यात ढकलणार नाही.”

 सरांनी वळून फळ्यावरचा ‘आत्मत्याग’ हाताने पुसून टाकला. त्या जागी काय लिहावं, ते मात्र त्यांना सुचेना.

“मग गेली कुठे ती?”

हा आवाज कुणाचा, ते क्षणभर कळलंच नाही. भिंतीकडच्या बाकावरची कुंतला बोलली होती. वर्षभरात वर्गाने तिचा आवाज फक्त हजेरीला ऐकला होता. फाल्गुनात तिला अठरा पूर्ण झाली होती आणि वैशाखात तिचं लग्न ठरलं होतं.

“ते पुस्तकात नाही गं,” इतिश्री म्हणाली.

सरांनी फळ्यावर एक आडवी वळणदार रेघ ओढली. “ही आपली चित्रोत्पला. हा घाट. इकडे खाली गेलं की समुद्र. इकडे वर कटक.”

“समुद्राकडे कशाला मरायला? कटकलाच गेली असणार,” लिपुन म्हणाला.

“तिला शोधायला सासरचे आधी कटकलाच जातील,” इतिश्री म्हणाली.

“पण प्रवाहाच्या उलट वल्हवत जायचं म्हणजे...” कुणीतरी म्हणालं.

“चैत्रात कुठली आलीय ओढ? नावाड्याची पोर आहे ती!”

एकदम सगळेच बोलू लागले. कुणी मध्येच गाव सुचवत होतं, कुणी ते खोडत होतं. गाईडं मिटली गेली होती. सरांनी गप्प करायला हात वर केला आणि तसाच खाली घेतला. मग ते भिंतीकडच्या बाकापाशी गेले आणि त्यांनी खडू कुंतलापुढे धरला.

“तू दाखव.”

कुंतला उठली. फळ्याशी जाऊन तिने घाटावर खडू टेकवला आणि नदीला धरून रेघ ओढायला सुरुवात केली. कटक मागे पडलं. फळा संपला. लाकडी चौकटीवर खडू जरा अडखळला, आणि मग तिची रेघ निळ्या भिंतीवरून पुढे निघाली.

वाटेत पाणिग्रही सर उभे होते. ते बाजूला सरकले.