सरांना विचारायचं

क्लासच्या ऑनलाइन पालकसभेतून हंबीररावांना एकच वाक्य मिळवायचं होतं. ‘पोरगी हुशार आहे, पेपरच अवघड निघाला.’ सरांनी एवढं म्हणायचं आणि गल्लीतल्या अकरा घरांनी ते ऐकायचं. नर्सिंगच्या प्रवेश परीक्षेत स्वप्नालीची सरकारी जागा सात मार्कांनी गेली होती. ते सात मार्क काही परत येणार नव्हते. निदान गल्लीत मान तरी वर राहावी, इतका साधा हिशेब.

म्हणून त्यांनी तालीम मंडळाचा स्पीकर आजही घराच्या पुढच्या सोप्यात ठेवला, त्याची वायर मोबाईलला जोडली आणि त्याचं तोंड रस्त्याकडं केलं.

हंबीरराव गडमुडशिंगी गावातल्या एका दूध संस्थेचे सेक्रेटरी. रोज सकाळी प्रत्येकाच्या दुधाची फॅट ते नाव घेऊन मोठ्यानं पुकारत. जे हाय ते चारचौघांत बोललं की दुधात पाणी घालायची कुणाची छाती होत नाही, हा त्यांचा वीस वर्षांचा अनुभव. लेकीच्या अभ्यासालाही त्यांनी तोच नियम लावला होता. पाच महिने तिचा रोजचा क्लास गल्लीभर वाजला.

समोरच्या कट्ट्यावर चिमणाबाई शेंगा फोडत बसल्या होत्या. त्यांच्या म्हशीची फॅट त्याच सकाळी पाच पॉइंट दोन, म्हणजे सगळ्यात कमी, पुकारली गेली होती.

“लावा, लावा, सेक्रेटरी,” त्या म्हणाल्या. “आमचं तुमी गावाला सांगता. तुमचं आमाला बी ऐकू दे की.”

“ऐका की! लपवायला हाय काय आमच्याकडं?” हंबीरराव म्हणाले आणि त्यांनी आवाज दोन घरं वाढवला.

स्वप्नाली मांडीवर वही घेऊन भिंतीला टेकून बसली होती. ती हल्ली बोलतच नसे.

स्पीकर खरखरला. प्रसेनजीत सरांचा आवाज रस्त्यावर पडला.

“नमस्कार, हंबीरराव. स्वप्नालीची हजेरी शंभर टक्के. अख्ख्या बॅचमध्ये तिची एकटीचीच.”

हंबीररावांनी चिमणाबाईंकडं पाहिलं. चिमणाबाईंनी शेंग फोडली.

“पण मला एक कोडं आहे,” सर म्हणाले. “पहिल्या आठवड्यात हिनं एक शंका विचारली होती. चित्रातली हृदयाची डावी बाजू म्हणजे पेशंटची डावी, की बघणाऱ्याची? तीस मुलांत एवढं बारकाईनं कुणी बघितलं नव्हतं. मी म्हटलं, ही पोरगी पुढं जाणार. पुढच्या शंकेची मी वाट बघत बसलो. पाच महिन्यांत दुसरी आलीच नाही. ऑनलाइन क्लासमध्ये मला पोरांचे चेहरे वाचता येत नाहीत हो. जे विचारतात, त्यांचंच अडलेलं मला कळतं. पेपरात हिचे मार्क गेलेत ते सगळे अशा अर्धवट कळलेल्या गोष्टींवर. का विचारलं नाही हिनं?”

तो दिवस हंबीररावांना लख्ख आठवला. सरांनी तिचं नाव घेऊन वाचलेली शंका स्पीकरवरून गेली आणि गल्ली फस्सकन हसली होती. ‘अगं बया, सेक्रेटरीच्या पोरीला डावं-उजवं कळंना!’ हे चिमणाबाईंचं होतं. त्या हसण्यात सर पुढं काय म्हणाले, ते कुणालाच ऐकू आलं नव्हतं. हंबीरराव स्वतःही थोडे हसले होते. चारचौघांत एवढं चालायचंच.

“का गं?” त्यांनी लेकीला विचारलं. “का इचारलं न्हाईस?”

स्वप्नालीनं वही उलटी करून त्यांच्यासमोर सरकवली.

मागच्या पानावर मथळा होता, ‘सरांना विचारायचं’. खाली तारखा, आणि तारखांपुढं नंबर घालून प्रश्न. पान उलटलं, तरी तेच. ओ रक्तगट सगळ्यांना चालतो, मग त्याला दुसऱ्या कुणाचं का चालत नाही? ताप आल्यावर थंडी का वाजते? सवयीनं त्यांची नजर शेवटच्या आकड्यावर गेली. ब्याण्णव. विचारून झाल्याची खूण पहिल्यापुढं होती. नंतर एकाही पुढं नव्हती.

“हेडफोन मागितला हुता की मी, आबा,” ती हळू म्हणाली. “तुमी म्हणाला, चोरून काय ऐकायचं हाय?”

हंबीररावांनी उठून स्पीकरची वायर काढली.

“काय झालं, सेक्रेटरी?” समोरून चिमणाबाईंनी विचारलं. “आमच्याच टायमाला बंद पडतंय व्हय?”

वही हातात धरून ते उभेच राहिले. गल्लीला पाच महिने करमणूक मिळाली होती. चिमणाबाईंची फॅटची भरपाई झाली होती. त्यांना स्वतःला रोज तासभर मान मिळत होता. ज्याचं त्याचं ज्याला त्याला पोचलं होतं, आणि त्याचं मोल पोरीनं एकटीनं भरलं होतं, एकेक प्रश्न गिळून.

“हॅलो? हंबीरराव?” मोबाईलमधून सरांचा आवाज आता अगदी बारीक येत होता. “तुमचा आवाज येत नाही.”

स्वप्नालीनं मोबाईल उचलला आणि तोंडाजवळ धरला.

“हायत सर, आबा हितंच हायत,” ती म्हणाली. “आता ऐकायला लागल्यात.”