सरांचा शोध

"हेमांगी, पाहुण्यांच्या डोक्यावर ऊन येता कामा नये. मांडव दणकट घाल," गुळवणी सरांनी बजावलं. मी घातला. उन्हाची तिरीपसुद्धा शिरणार नाही असा, वर ताडपत्री ताणून.

मांडवाच्या मधोमध झेंडूच्या माळा घातलेलं यंत्र उभं होतं. चिखलानं माखलेला गोल्फचा चेंडू वरून सोडायचा. माथ्यावरच्या सोलर पॅनेलला ऊन मिळालं की आतले ब्रश फिरतात आणि हात न लावता चेंडू लख्ख होऊन खाली येतो. बनवलं मी. पाटीवर नाव एकट्या सरांचं. विचारलं तेव्हा हसून म्हणाले होते, "तू फक्त स्क्रू पिळलेस गं."

फीत कापली, टाळ्या झाल्या. गोल्फ क्लबच्या अध्यक्षांनी चेंडू सोडला. तो चिखलासकट आतच बसून राहिला. सरांनी यंत्राला थापा मारल्या, बटण शोधलं. बटण नव्हतंच. घाम पुसत ते माझ्या कानाशी लागले, "अगं, चालत का नाहीये?"

मी वर ताडपत्रीकडे पाहिलंसुद्धा नाही. माईक त्यांच्या हातात दिला.

"सर, शोध तुमचा आहे. तुम्हीच सांगा पाहुण्यांना."