सातवा फर्मा

ग्रंथपाल बाईंनी पुस्तक बाइंडरीच्या टेबलावर उघडलं आणि दोन पानांच्या मधल्या खाचेत बोट ठेवलं.

"हे बघा मालक. इकडे शहाण्णव नंबरचं पान, घोडा काचेच्या मनोऱ्यात कोंडलेला. समोर एकशे तेरा, तिथे तो नदीकाठी गवत खातोय. शाळेतली एक मुलगी दोन दिवस माझा जीव खातेय. बाई, घोडा सुटला कसा?"

मालकाने पानं मागेपुढे केली. सोळा पानांची एक घडी म्हणजे एक फर्मा. सातवा फर्मा पुस्तकात नव्हताच.

भिंतीकडच्या पाटावर काका पुठ्ठ्यांना खळ लावत होता. तो लावतच राहिला. एकाच पुठ्ठ्याला तीनदा खळ लागली.

"मावशी, हे शिवलं कोणी?" मालकाने विचारलं.

"मीच," शिवणारी मावशी म्हणाली.

"क्रम नाही बघितला?"

मावशीने काकाकडे पाहिलं. फर्मे क्रमाने लावून त्यानेच तिच्यापुढे ठेवले होते. 'पुरे आहेत, घ्या शिवायला,' असंही म्हणाला होता. पण लावणारा कोणी असो, सुई घालणाऱ्याने क्रम बघायचा, हा बाइंडरीचा नियम. काकाने लावलेलं ती कित्येक वर्षं पुन्हा बघत नव्हती.

"चुकलं असेल माझं," ती म्हणाली. "डोळे गेले असतील."

"मग सुई ठेवा खाली. उद्यापासून घड्या घालत बसा. शिवायला मी दुसरं माणूस बघतो."

मावशीने चष्मा काढला, पदराने पुसला आणि परत घातला. हातातली सुई मात्र खाली ठेवली नाही.

"आणि हे काय?" बाईंनी पहिलं पान उलटलं. "प्रत्येक ओळीखाली पुसट पिवळा पट्टा. खळीचं बोट फिरवल्यासारखा. सगळ्या पुस्तकभर नाही, शहाण्णव पानांपर्यंतच."

मावशी उठून बघायला आली. पट्टा रुंद होता, टोकाला बोथट. काकाच्या उजव्या हाताचं बोट कटिंग मशीनने पेरभर नेलं होतं. तिने पट्टा बघितला, बोट बघितलं आणि जागेवर जाऊन बसली.

काकाने ते बोट मुठीत दडवलं.

अक्षरं त्याला येऊन दोनच वर्षं झाली होती. दुपारी जेवणाच्या सुट्टीत तो पेपर उघडून बसायचा. मालक आल्यागेल्याला कौतुकाने सांगायचा, आमचा काका पेपर वाचतो हो! पेपरच्या आत फर्मा असायचा. एक फर्मा पिशवीतून घरी जायचा, वाचून झाला की परत यायचा, मग पुढचा. सातवा परत यायच्या आधीच मालकाने घाई केली. तेव्हा फर्मा घरी आहे एवढंच सांगायचं होतं. पण घरी कशाला, असं कोणीतरी विचारलं असतं.

आताही गप्प बसता आलं असतं. मावशीने वाट मोकळी करून दिली होती.

काका उठला. खुंटीवरच्या पिशवीत हात घातला. डब्याखालून पेपरची घडी काढली, पेपरच्या घडीतून फर्मा काढला आणि टेबलावर ठेवला.

"मावशींचं काही नाही त्यात," तो म्हणाला. "मी कमी दिला."

बाईंनाच त्याची दया आली. "नातवंडासाठी नेला असेल, नाही का काका? चालायचंच."

'हो' म्हटलं की संपत होतं. मालकाचाही चेहरा सैल पडला होता. काकाने 'हो' ओठांपर्यंत आणलं. मग मावशीच्या हातातल्या सुईकडे पाहिलं.

"नातवंडं नाहीत मला," तो म्हणाला. "मीच वाचत होतो."

"हे?" मालकाने फर्मा उचलला. वरच्याच पानावर पंख बांधलेला घोडा होता. "अहो काका, अर्ध्या गोवऱ्या मसणात गेल्या आणि वाचताय काय, तर उडता घोडा!"

कटिंग मशीनवरचा माणूस फिस्सकन हसला. "तरीच म्हटलं, पेपर वाचताना काकाच्या डोळ्यांत पाणी कसं येतं."

काकाचे कान तापले. साठीच्या माणसाला पोरासोरांसमोर उघडं करावं तसं त्याला झालं. त्याने पायाखालचे कागदाचे कपटे चपलेने उगाच एकत्र केले.

"संध्याकाळपर्यंत घालून द्या आत," बाई हळू आवाजात म्हणाल्या आणि निघाल्या. दारात थांबून त्या काकाला काहीतरी विचारणार होत्या. त्याने मान वर केली नाही, म्हणून गेल्या.

"मावशी, उसवा आणि नीट शिवा," मालक म्हणाला. सुई ठेवायचं त्याने पुन्हा काढलं नाही. मशीन सुरू झाली.

मावशीने पुस्तकाची शिवण सोडवली. सातव्या फर्म्याची जागा मोकळी केली. मग खाली बघतच, फक्त काकाला ऐकू जाईल इतक्या आवाजात तिने विचारलं,

"सुटला कसा हो घोडा?"

काकाला आधी वाटलं, हीसुद्धा चेष्टा करतेय. पण तिचा चेहरा साधाच होता.

"माहीत नाही," तो म्हणाला. "चार पानं राहिलीत माझी."

मावशीने फर्मा उचलला आणि त्याच्या पाटावर सरकवला.

"मला दोरा ओवायला वेळ लागणार आज," ती म्हणाली. "डोळे गेलेत ना माझे."

काकाने बोट सदऱ्याला पुसलं, पुन्हा पुसलं. भिंतीकडे तोंड करून बसला आणि बोट ओळीखाली ठेवलं.

मावशीच्या सुईत दोरा केव्हाचाच ओवलेला होता.