ओळख पटली

लेकीची पोटगी दीड वर्षं थकवली म्हणून कोर्टानं दीपमालाच्या नवऱ्यावर वॉरंट काढलं. ओळख पटवायला हवालदारासोबत ती दिग्रसच्या कापसाच्या जिनिंग कारखान्यात आली, सहा वर्षांच्या लेकीचा हात धरून. पोरीला ठेवणार तरी कोणाजवळ? आत रुईच्या ढिगाजवळ वीसेक मजूर, सगळ्यांची तोंडं दुपट्ट्यानं बांधलेली, भुवयांपर्यंत कापूस बसलेला. "यातला तुमचा कोणता, बाई? बोट दाखवा, नाही तर वॉरंट तसंच वापस जाते." दीपमालानं त्याला चालीवरूनच ओळखलं होतं, पण लेकीदेखत बोट उचलेना, आणि पुढच्या तारखेपर्यंत थांबायची सोय नव्हती. तिची नजर खिळली तिकडंच लेक पळाली. "बाबा!" एकानं दुपट्टा खाली ओढला, हसून तिला उचललं. हवालदारानं त्याचं मनगट धरलं. जीपकडे जाताना लेक बापाच्या गळ्याला बिलगून ओरडली, "आई, मीनं शोधलं बाबाले! आता घरी नेऊ न त्याले?"